दोन संचालकांची वार्षिक सभा

कंपनीचं नाव सरकारी नोंदणीतून वगळण्यात आलं. तसं पत्र आलं, पत्रावर शिक्का होता, शिक्का जरा तिरका होता. आता आपण असं धरून चालू की हे झालंच नाही. पत्र आलं नाही, पोस्टमनला आमचं घर सापडलं नाही, शिक्का मारणाऱ्याचा हात त्या दिवशी दुखत होता. कंपनी आहे. खुर्च्यांच्या पायांत घालायची रबरी बुटं बनवणारी, दोन संचालकांची, साच्यात रबर दाबणारी एक प्रेस आणि ती चालवणारा एक प्रेसवाला असलेली आमची कंपनी जशी होती तशी आहे, आणि मी न्हाव्याच्या खुर्चीत मान मागे टाकून बसलोय. या खुर्चीला पाय नसतात, खाली एकच लोखंडी खांब असतो, त्यामुळे आमच्या धंद्याच्या दृष्टीनं ती निरुपयोगी. एका गालावर फेस आहे, दुसरा गाल झालाय, वस्तरा गळ्याशी आहे आणि खिशातला फोन थरथरतो. मी चादरीखालून हात काढून फोन डोळ्यांसमोर धरला. 'माननीय संचालक, आपल्या कंपनीचे वार्षिक विवरण देय आहे. ते मुदतीत सादर न केल्यास आपले अस्तित्व'. पुढे तीन टिंबं. पडद्यावर तेवढंच मावलं होतं. न्हाव्यानं वस्तरा उचलून धरला आणि विचारलं, काही वाईट बातमी? मी म्हटलं, नाही, सरकारी आहे. तो म्हणाला, मग झालंच. आणि पुन्हा वस्तरा टेकवला. गळ्यावरून ते गार पातं वर सरकत असताना मला आतून काहीतरी निसटल्यासारखं वाटलं, जिना उतरताना शेवटची पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि पायरी नसावी, तसं. संदेशाचं काही नवल नव्हतं, दरवर्षी येतो. मला एवढंच कळलं की वर्ष झालं. म्हणजे पुन्हा सभा. म्हणजे बाबा मला ओळखणार.

हे नीट सांगायला पाहिजे. कायदा असा आहे की कंपनीनं वर्षातून एकदा सभा घ्यावी, गणपूर्तीसाठी दोन तरी संचालक हजर असावेत, जे ठरलं त्याचं इतिवृत्त लिहावं आणि हिशेबाबरोबर निबंधकाकडे पाठवावं. आमचे सल्लागार, ज्यांना मी मनातल्या मनात मुदतकाका म्हणतो कारण त्यांचं प्रत्येक वाक्य मुदतीपाशी येऊन थांबतं, ते म्हणतात, अरे, छोट्या कंपन्यांत सभा कोण घेतं? सभा लिहितात. पण बाबा सभा घ्यायचे. पुढच्या खोलीतलं जेवणाचं टेबल पुसलं जायचं, त्यावर पाण्याचे दोन पेले, टेबलाच्या या टोकाला अध्यक्ष, त्या टोकाला दुसरे संचालक, आणि फ्रिजशेजारच्या स्टुलावर आई, विशेष निमंत्रित. बाबा कोट घालायचे. तो कोट एरवी लग्नाला किंवा अंत्ययात्रेलाही निघायचा नाही. आमच्या घरात कुठल्याच खुर्चीचा आवाज व्हायचा नाही, सगळ्यांना आमचीच बुटं होती, त्यामुळे अध्यक्ष स्थानापन्न झाले हे आवाजावरून कळायचं नाही, अचानक दिसायचं. लहानपणी मी पाठमोरा असलो की हा माणूस मागे येऊन कधी बसला याचा पत्ता लागायचा नाही. मग मागून यायचं, गाढवा, पुस्तक उलटं धरलंयस.

घरात मी गाढव होतो. हे काही दुःखानं सांगत नाही, ते पद होतं. गाढवा, दिवा बंद कर. गाढवा, इतक्या उशिरा कुठून? आजारी असताना कपाळावर हात ठेवून, गाढवाला ताप आहे. मग त्यांचा भागीदार प्लास्टिकच्या नादी लागून निघून गेला, कायद्याला दोन संचालक लागतात आणि घरात मी रिकामा बसलेला होतो, म्हणून मी संचालक झालो. पहिल्या सभेत बाबा टेबलापलीकडून म्हणाले, या विषयावर आपलं काय मत आहे, संचालक महोदय? मी मागे वळून पाहिलं. फ्रिज होता. आई पदराआड हसत होती. विषय असा होता की बुटं काळीच ठेवावीत की राखाडीही काढावीत. मी म्हटलं, राखाडी काढावीत. बाबांनी मान डोलावली, विचार केला, आणि एखाद्या परक्या, हुशार माणसाशी बोलावं तसं म्हणाले, आपला मुद्दा विचार करण्यासारखा आहे. मग सभा बरखास्त झाली आणि कोट काढता काढता म्हणाले, गाढवा, खुर्ची जागेवर कोण ठेवणार?

पुढे ते विसरायला लागले. आधी वस्तू विसरले, मग गल्ली, मग आईला, मग मला. हा क्रम आईला लागला. ती म्हणायची, निदान तुला माझ्यानंतर विसरले, तेवढं तरी सुख घे. एकदा भाजी निवडता निवडता, वर न बघता म्हणाली, इतकी वर्षं संसार केला, पण ठराव काही केला नाही आम्ही, कुठे नोंद म्हणून नाही. बाबा तिला 'बाई' म्हणतात आणि तिच्या हातचा चहा घेताना आभार मानतात. लग्नानंतर त्यांना तिचे आभार मानायला हे कारण लागलं. मी बोळातून समोर आलो की भिंतीला टेकून वाट देतात, बँकेत अनोळखी माणसाला देतात तशी. सुरुवातीला मी थांबून सांगायचो, बाबा, मी. ते हसायचे, ओशाळलेलं, सभ्य हसू. त्या हसण्यापेक्षा कानाखाली मारली असती तर बरं, असं वाटायचं. म्हणून सांगणं बंद केलं. मीही हसून वाट द्यायला लागलो. एका बोळात दोन सभ्य माणसं भिंतीला टेकून एकमेकांना वाट देतायत आणि कोणीच जात नाहीये, असं बराच वेळ चालायचं. शेवटी आई ओरडायची, एकानं तरी जा, मला केर काढायचाय.

आणि मग मागच्या वर्षीची सभा. मी ती घेतली नसती. मुदतकाकांनी इतिवृत्ताचा मसुदा दिलाच होता, पण आईनं सवयीनं टेबल पुसलं, पेले ठेवले, आणि बाबा कपाटाशी जाऊन कोट घालून आले. कोणी सांगितलं नव्हतं. बसले. टेबलावर दोन्ही हात ठेवले. मला म्हणाले, गणपूर्ती? माझ्या तोंडून आपोआप गेलं, झाली आहे, अध्यक्ष महोदय. त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात मी होतो. संपूर्ण. त्यांना माझी राखाडी बुटं आठवत होती. त्यांनी विचारलं, आपण त्या राखाडी मालाबद्दल आग्रही होता, त्याचं पुढे काय झालं? मला सांगता येईना की प्रेसवाल्यानं राखाडीचा साचा कधीच मोडीत घातला. मी विषय वाढवला. नवीन विषय काढले. मोठ्या पायांसाठी बूट, छोट्या पायांसाठी बूट, शाळेच्या बाकांना लागतील का, दवाखान्यातल्या खाटांना लागतील का. आईनं दोनदा चहा केला. दुपारची सभा संध्याकाळपर्यंत चालली, कंपनीच्या इतिहासात एवढी चर्चा झाली नव्हती. मग अध्यक्ष थकले. सभा बरखास्त, म्हणाले, कोट काढला. मी माझी खुर्ची मुद्दाम वाकडी ठेवली. त्यांनी खुर्चीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, ओशाळं हसले आणि स्वतःच ती जागेवर लावली.

दुसऱ्या दिवशी मी टेबल पुसून, पेले ठेवून तयार. त्यांना हाताला धरून आणलं. म्हटलं, अध्यक्ष महोदय, सभा. ते उभेच राहिले. नोटीस कुठे आहे? म्हणाले. मग जरा कीव आल्यासारखं म्हणाले, वार्षिक सभा वर्षातून एकदाच होते, म्हणून तिला वार्षिक म्हणतात. तेव्हा वर्षभर थांबणं आलं. लोक पगाराची वाट बघतात, सुट्टीची बघतात, मी वैधानिक मुदतीची वाट बघत होतो. जगात असा दुसरा माणूस असेल तर त्यानं मला भेटावं, आपण एक संघटना काढू आणि तिची नोंदणी करू.

तर न्हाव्याकडून मी तसाच मुदतकाकांकडे गेलो. एका कानामागे फेस राहिला होता, तो त्यांनी पाहिला नाही, कारण ते माणसाकडे बघत नाहीत, तारखेकडे बघतात. ते म्हणाले, यंदा नियम बदललाय. नुसता तक्ता भरून भागायचं नाही, अध्यक्षांच्या सहीचं इतिवृत्त जोडायचं, आणि ते तिथे कोणीतरी वाचतं. मी म्हटलं, वाचतं? तेही जरा हादरलेले दिसले. मग आवाज खाली आणून म्हणाले, हे बघ, वडिलांना काढ आणि आईला घे. दोन संचालक झाले, कंपनी वाचली, तू सुटलास. सगळं खरं होतं. कंपनी वाचली असती. सभाही झाली असती, दरवर्षी झाली असती, या टोकाला मी, त्या टोकाला आई, आणि फ्रिजशेजारी स्टुलावर एक सभ्य म्हातारा, ज्याला सगळे अनोळखी. घरी येऊन आईला विचारलं. ती म्हणाली, मी नाही रे. मला निमंत्रितच राहू दे. संचालक झाले तर मत द्यावं लागेल, आणि माझी मतं तुम्हाला झेपायची नाहीत. मग थोड्या वेळानं, पाठमोरी, म्हणाली, त्यांची खुर्ची मी नाही घेणार.

नोटीस मी रीतसर काढली. त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती वाचली, घडी घातली, उशाखाली ठेवली. सभेच्या दिवशी कोट घालून बसले तेव्हा कोट अंगावर मोठा झाला होता, आतला माणूस कमी झाल्यासारखा. मी समोर बसलो. बाहेर कुणीतरी ट्रक मागे घेत होतं, त्याची पिपाणी वाजत होती. बाबा म्हणाले, गणपूर्ती?

"झाली आहे, अध्यक्ष महोदय."

त्यांनी पाहिलं. पाहत राहिले. ट्रकची पिपाणी थांबली. मग ते आईकडे वळून, अगदी मृदूपणे, म्हणाले, "बाई, हे समोर बसलेले गृहस्थ कोण?"

आईनं माझ्याकडे पाहिलं नाही, ती फ्रिजच्या दाराकडे बघत राहिली. माझ्या तळहातांना टेबल गार लागत होतं. मुलगा म्हणावं असं जिभेवर आलं होतं, पण ते आजवर कितीदा म्हणून झालं होतं आणि त्याचं काय झालं हे मला माहीत होतं.

"दुसरे संचालक," मी म्हणालो.

त्यांनी एखादं नाणं खरं की खोटं बघावं तसं मला बघितलं. मग चेहरा सैल झाला. "हां," ते म्हणाले. "मग हरकत नाही. आपलेच आहेत."

त्यापुढे सभा नेहमीसारखी झाली. म्हणजे छोटी झाली. त्यांना राखाडी आठवली नाही, मीही काढली नाही. हिशेब वाचला, मंजूर झाला, चर्चा झाली नाही. बरखास्त.

दोन दिवसांनी मी मुदतकाकांच्या मसुद्याप्रमाणे इतिवृत्त लिहून बाबांपुढे ठेवलं. अध्यक्षांनी उपस्थितांचे स्वागत केले, हिशेब सर्वानुमते मंजूर, आभार. ते चष्मा लावून, ओळीखाली बोट धरून वाचत गेले. ज्या माणसाला सकाळी दात घासलेत की नाही ते सांगता येत नव्हतं, तो शेवटच्या ओळीला थांबला आणि म्हणाला, हे अपुरं आहे. मी एकाला ओळखलं नव्हतं. ते कुठे आहे यात? मी म्हटलं, ते लिहायची गरज नाही. त्यावर त्यांनी पेन टेबलावर ठेवलं आणि अध्यक्षांच्या आवाजात म्हणाले, सभेत जे बोललं गेलं ते इतिवृत्तात आलंच पाहिजे, नाहीतर सभा कशाला घ्यायची. सही केली नाही. मी पुन्हा लिहिलं. 'अध्यक्षांनी समोर बसलेले गृहस्थ कोण अशी पृच्छा केली. ते दुसरे संचालक असल्याचे सांगण्यात आले. अध्यक्षांनी हरकत नसल्याचे व ते आपलेच असल्याचे नमूद केले.' हे त्यांनी वाचलं आणि लगेच सही केली. सहीचा शेवटचा फाटा कागदाबाहेर टेबलावर उतरला. तो अजून आहे, आई पुसू देत नाही.

मुदतकाकांना फोन केला तर ते शांतपणे म्हणाले, हे पाठवलंस तर संपलं, चांगला कागद घे, पहिला मसुदा उतरव आणि तूच सही मार. सही मला येते. शाळेत प्रगतीपुस्तकावर मी ती इतक्यांदा केली होती की एका वर्षी बाबांच्या खऱ्या सहीवर शिक्षकांनी संशय घेतला आणि त्यांना शाळेत यावं लागलं. मी चांगल्या कागदावर सही केली. उत्तम झाली. दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि बघत बसलो. माझी सही त्यांच्या सहीपेक्षा जास्त त्यांची वाटत होती. एका कागदात कंपनी वाचत होती आणि मी त्यात 'उपस्थित' होतो, नुसता उपस्थित, पेल्यासारखा. दुसऱ्या कागदात कंपनी मरणार होती आणि त्यात, अध्यक्षांच्या स्वतःच्या सहीनं, मी आपला होतो. दुसरीकडे कुठेही, जन्माच्या दाखल्यावरसुद्धा, असं काही लिहिलेलं नाही. दाखल्यावर फक्त बापाचं नाव असतं, त्याचं मत नसतं. मला वाटलं, सरकारकडे कागद राहतात. माणसं विसरतात, सरकार हरवतं पण विसरत नाही. कुठल्यातरी थंड खोलीत, कुठल्यातरी यंत्रात, हे वाक्य राहील. आणि वाचणाऱ्यालाही बाप असेल. पडद्यावर एक चौकोन होता, 'जोडलेले इतिवृत्त सत्य असल्याचे मी प्रमाणित करतो'. आख्खी दुनिया त्या चौकोनावर न वाचता टिचकी मारते. मी दुसरा कागद जोडला आणि वाचून मारली.

आता आपण जे झालंच नाही असं धरून चाललो होतो ते धरून ठेवता येत नाही, हात दुखायला लागलेत. पत्र आलं. पोस्टमनला घर सापडलं. मी कारखान्यात होतो, आई आंघोळीला गेली होती, दार बाबांनी उघडलं, आणि पत्रावर 'अध्यक्ष' असं लिहिलेलं होतं म्हणून त्यांनी ते फोडलं. मी घरी आलो तेव्हा ते कोट घालून टेबलाशी बसलेले होते. समोर पत्र. त्यांनी मला बसायची खूण केली. 'ज्याअर्थी अध्यक्षांनी सहसंचालकास ओळखले नाही असे इतिवृत्तावरून दिसते, त्याअर्थी अध्यक्ष सभेचे काम चालवण्यास सक्षम नव्हते. सबब गणपूर्ती झाली नाही. सबब सभा झाली नाही. सबब विवरण सादर झाले नाही. सबब कंपनीचे नाव वगळण्यात येत आहे.' त्यांनी हे मला मोठ्यानं वाचून दाखवलं, एकेका सबबवर बोट ठेवून. त्यांना ते बरोबर वाटत होतं, तर्कात कुठे चूक नव्हती. 'आपलेच आहेत' हे पुढचं वाक्य वाचणाऱ्यानं वाचलेलं दिसत नव्हतं, किंवा वाचून त्याला रकाना सापडला नसेल. बाबांनी पत्राची घडी घातली. मग माझ्याकडे पाहिलं. कोट होता, टेबल होतं, फक्त पेले नव्हते, आणि मी त्यांच्या डोळ्यांत स्वतःला शोधत होतो, अजून सभा चालू आहे, अजून बरखास्त म्हणालेले नाहीत.

"कंपनी नाही," ते म्हणाले. "मग आपण कोण?"

मी पत्राची घडी उलगडून पुन्हा घातली. आई ओल्या केसांनी दारात उभी होती. बाबांना माझी अडचण लक्षात आली असावी, ते उठले, भिंतीला टेकले आणि मला वाट दिली.

मुदतकाकांना विचारलं, परत नोंदवता येईल का. ते म्हणाले, येतं की, त्यासाठी कंपनीच्या सभेत तसा ठराव व्हावा लागतो. मी म्हटलं, कंपनी नाही तर सभा कोणाची? ते म्हणाले, हां, तीच अडचण आहे, पण अर्ज कर, अर्जाला मुदत नाही. त्यांच्या तोंडून हे पहिल्यांदाच ऐकलं. प्रेसवाला दुसरीकडे लागला, बाटल्यांच्या बुचांच्या कारखान्यात. जाताना उरलेल्या बुटांची पिशवी दारात ठेवून गेला. बाबांनी कोट काढून ठेवलेला नाही, आता ते तो रोजच घालतात. नोटीस अजून उशाखाली आहे. मी टेबलाच्या माझ्या टोकाला बसून खालील अर्ज केला आहे.

प्रति, मा. निबंधक. विषय : वगळलेल्या कंपनीतील एक पद चालू ठेवण्याबाबत. महोदय, कंपनीचे नाव पुन्हा नोंदवावे अशी माझी मागणी नाही. ते वगळणे नियमाला धरूनच होते हे अध्यक्षांनी मला वाचून दाखवले आहे. तथापि कंपनीतील 'दुसरे संचालक' हे एक पद, कोणतेही हक्क, काम अथवा खुर्ची न देता, अध्यक्षांच्या हयातीपर्यंत चालू ठेवण्यात यावे, आणि तसे पत्र अध्यक्षांच्या नावे, शिक्क्यासह, पाठवण्यात यावे. शिक्का तिरका असला तरी चालेल. संचालकपद देणे शक्य नसल्यास, सदर घरात यापूर्वी मी धारण केलेल्या 'गाढव' या पदावर माझी फेरनियुक्ती व्हावी, व ती पूर्वलक्षी प्रभावाने लागू करावी, ही नम्र विनंती.